मधली रेघ

दिगदाग्याला बाहेर शेहेचाळीस, आत चोवीस.
मधे एक दार, दोन प्लास्टिकचे पडदे,
चपला बदलायचा बाक.
मोकसेद खजुराच्या झावळ्या चिरतो, वाफवतो, पिशव्या भरतो.
मी काचेच्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून
ज्योतीजवळ बसते,
देवापुढे बसल्यासारखी, पण काही मागत नाही.

धिंगरीची टोपी रात्रभर काळ्या कागदावर पालथी ठेवली
की सकाळी खाली पांढरी रांगोळी.
त्यातला एकेक बीजाणू वेगळा काढायचा,
एकेक म्हणजे एकेकच,
बटाट्याच्या पाण्यावर एकटा वाढवायचा,
मग दुसऱ्या एकट्याशेजारी नेऊन ठेवायचा
आणि आपण मधे बोलायचं नाही.
जमलं, तर धाग्याच्या सांध्यावर आकडी दिसते,
सूक्ष्मदर्शकाखाली, ब्लाउजच्या हुकासारखी.
सहाशे बारा जोड्या लावल्या मी.
वहीत दीडशेच्या आसपास हुक.

मग ऑगस्टात कॉम्प्रेसर बसला, दोन दिवस.
सगळ्या पिशव्यांनी माना टाकल्या.
सत्तेचाळीस नंबरची तेवढी उभी,
निळसर काठाची, कडेला नखाएवढी खाच,
जणू उकडतंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

थंपीसाहेबांनी अर्ज आणला.
वेगळा आहे का? एकसारखा येतो का?
पुन्हा पुन्हा लावला तरी तसाच राहतो का?
(मला विचारलं असतं तर मी तिन्हींत नापास.)
वाणाचं नाव: मी लिहिलं, अनशी.
वाण काढणारा: तिथे कंपनीचं नाव आधीच छापलेलं.

अनशी आमच्या वाडीतली. तिला वारुळं ठाऊक होती.
अळंबी आणायची पदराखाली, घरोघर वाटायची,
पण जाताना एक पाणंद, येताना दुसरी.
जागा विचारली तर म्हणायची,
आत्ता होती बाय, आत्ता नाय.
तिचा हक्क तेवढाच, बिनकागदाचा.
मुदत: हयात असेपर्यंत.

संक्रांतीला नखीलच्या एका फ्लॅटवर हळदीकुंकू.
स्टीलच्या वाट्या, तिळाच्या वड्या,
'वाण लुटायला ये गं' असा फोन.
मला एकटीलाच हसू आलं.
दोन्ही शब्द ऑफिसातले.

येताना सुपरमार्केटात शिरले, दुधासाठी.
थंडगार फळीवर भलत्याच कंपनीचा डबा, नऊ दिरहम,
वर तिसरंच नाव.
निळसर काठ.
आणि खाच.
दूध तिथेच राहिलं.

चोराला घर फोडावं लागत नाही यात.
डबा विकत घ्यायचा, देठ उभा चिरायचा,
आतला तांदळाएवढा पांढरा तुकडा आगरावर ठेवायचा.
झालं. सहाशे बारा जोड्या त्याच्या.
मीही त्या रात्री अगदी तेच केलं, त्याच सुरीनं.

एका थाळीत डावीकडे डब्यातली, उजवीकडे आमची.
परक्या असतील तर जिथे भेटतात तिथे रेघ उठते,
बांधावरून भांडण व्हावं तशी, काळपट, जाड.
मी रोज सकाळी चपला बदलायच्या आधी बघत होते.
देवा, रेघ उठू दे, असं एकदा म्हटलंही.
तेवढं एकच मागितलं मी.

नवव्या दिवशी थाळी भरली.
पांढरं, सलग, दुलईसारखं.
रेघ नाही.
त्या एकमेकींत शिरल्या होत्या
आणि कुठून कोण आलं ते त्यांना आठवत नव्हतं.

थंपीसाहेब खूश. पुरावा! फोटो काढा, अरबाबला पाठवतो,
आता कंपनी वकील लावणार.
कंपनी हा शब्द त्यांनी तीनदा म्हटला.
मी फोटो काढला. तारीख टाकली.
नमुना घेणाऱ्याची सही, तिथे मात्र माझी चालली.

मोकसेद पडद्यातून डोकावला. थाळी बघितली.
आपा, यातली आपली कोणती?

दार लाव आधी, म्हटलं,
गार हवा जातेय.