बावीस मीटर

मी त्याला मारलं होतं. शप्पथ.
आधी माझी गोळी सुटली, मी पडद्यावर पाहिली,
आणि मग मीच आडवा.
म्हणजे ज्या कोपऱ्यात तो मला दिसत होता
तिथून तो केव्हाच निघून गेला होता.
मी त्याच्या शिळ्या जागेवर नेम धरून बसलेला.

पिंग एकशे ऐंशी.
मुबीन पारकर दोह्यातून कानात हसतो,
"अरे, मी समुद्रापलीकडे, माझा साठ.
तू हर्णैत बसून मुंबईला पोचत नाहीस?"

नाही पोचत. काळ्या खिडकीत कमांड टाकली,
एकेक टप्पा उलगडत गेला:
घरातून दापोली, दापोलीहून पुणे,
पुण्याहून, कशाला कोण जाणे, चेन्नई,
आणि तिथून वळसा घालून मुंबई.
आतेचं लग्न जमवणारा मध्यस्थही असाच
चार गावचा चहा पिऊन शेजारच्या दारात यायचा.

चेन्नई माझ्या हातात नव्हती.
घर होतं.

राउटर पडवीत, टीव्हीच्या डोक्यावर,
शेजारी बाबांच्या बिनतारीची बॅटरी चार्जिंगला.
माझा कॉम्प्युटर मागे, जिथे पूर्वी जाळी रचलेली असायची.
मधे जांभ्याच्या दोन भिंती, हातभर जाड,
वादळ अडावं म्हणून बांधलेल्या.
वादळ अडतं. वायफायही अडतं.

रत्नागिरीहून वायर आणली, बावीस मीटर.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...
आठ तारा नखांनी सरळ करून चिमट्यात दाबल्या.
पहिलं टोक चुकलं. दुसरंही.
राउटरमधलं जुनं टोक उपसलं तर पितळ हिरवं पडलेलं;
खारं वारं कडी-कोयंड्याला सोडत नाही,
याला कशाला सोडेल?

बाबा दारात. "ही दोरी कशाला रं?"
म्हटलं, मी इथून करतो ते तिकडे उशिरा पोचतं.
त्यांना नवल वाटलं नाही.
बोटीवर ते बटण दाबून बोलतात,
बटण सोडतात, आणि खरखरीकडे कान देऊन थांबतात.
"थवा दिसला तिथं जाळं टाकतोस व्हय?
जाईल तिथं टाकायचं."
हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं.

पिंग सत्तर.
पण रात्री आठ वाजता पुन्हा दोनशे,
रोज, आठच्या ठोक्याला.
तीन दिवसांनी सापडलं: हर्षाली त्याच वेळी
संध्याकाळच्या लिलावाचे व्हिडिओ चढवते,
सुरमई, हलवा, पापलेट, पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी.
माझी इवलीशी पुडकी तिच्या सुरमईमागे रांगेत.
राउटरच्या आत शिरून तिला लगाम घातला,
सेकंदाला इतकंच, वर नाही.
तिला सांगितलं नाही.
मग सांगितलं. तिने फक्त माझ्याकडे बघितलं,
आणि मी जाऊन आकडा थोडा ढिला केला.
नेटचं बिल तिची सुरमई भरते.

शेवटी अठ्ठावन्न.
मुबीनपेक्षा दोन कमी!

त्या रात्री तो कोपऱ्यात दिसला
आणि खरोखर कोपऱ्यातच होता.
मी नेम धरला.
त्याने मला मारलं.

पुन्हा खेळलो. पुन्हा तेच.
मुबीन बराच वेळ गप्प, मग हळूच,
"आता काय सांगशील?"
तीन वर्षं माझ्याकडे एक शब्द होता, लॅग.
हरलो की तो, जेवायला उशिरा आलो की तो,
बंदर खात्याचा तो फॉर्म तारीख उलटल्यावर भरला
तेव्हाही गमतीत तोच.
आता वायर ताठ आहे.

म्हणजे होती. सकाळी उठून बघतो तर
आईने तिच्यावर बाबांचे ओले टॉवेल टाकलेले,
पडवीपासून मागच्या खोलीपर्यंत,
मधोमध चांगला झोळ.
मी आधी पिंग पाहिला.
अठ्ठावन्न.
एकसष्ट झाला असता तर काढायला सांगितलं असतं.