ताटली क्रमांक सात

पंधरा मिनिटं झाकण काढून ठेवायचं,
एवढंच काम.
हवेतून जे पडेल ते पडू द्यायचं.
ढवारे सरांनी वहीत लिहून दिलं होतं.

परभणीचा कचराडेपो, एप्रिल, सकाळचे साडेनऊ.
घंटागाडी रिकामी होत होती:
दवाखान्यातल्या सुया, कोंबड्यांची पिसं,
कुणाच्या तरी लग्नातला आंबलेला मठ्ठा,
आणि सगळ्यावरून फिरून येणारी तीच माशी
जी दुपारी आमच्या भाकरीवर बसते.

मी ताटल्या मांडत गेले. पाच. सहा.
सातवीशेजारी माय बाटल्या निवडत होती.
"काहून उघडं टाकलंस गं? माशी बसंल की."
बसू दे माय, तेच तर मोजायचंय.

मायचं नाव कचराबाई.
आधीची तिघं पाचवी पुजूनही गेली,
म्हणून आजीनं हिला उकिरड्यावर लोळवलं,
सूपभर कण्या देऊन सुइणीकडून परत विकत घेतलं
आणि नाव असं ठेवलं
की मरणानं नाक मुरडून पुढं जावं.

गेलं. बावन्न वर्षं जातंय.
मधे दोनदा कावीळ, एकदा टायफॉइड,
आणि एक हगवण, जिच्यातून माय उठली,
माझा भाऊ नाही उठला.
त्याचं नाव हौसेनं ठेवलं होतं. युवराज.

मी आठवी ताटली ठेवायला वळले,
तेवढ्यात तिनं सातवीवर पदर टाकला.
अन्न समजून.
तशी दिसतेच ती, थिजलेल्या खिरीसारखी.

दोन दिवस उबेत ठेवल्यावर
बाकीच्या सगळ्या गच्च भरून आल्या,
पिवळे ठिपके, पांढरे, एकीवर हिरवट साय
जिला पिकल्या द्राक्षांचा वास.
सर म्हणाले, मोजू नका, लिहा: असंख्य.

सातवीवर मात्र ओळी उगवल्या होत्या.
उभ्या, आडव्या, बारीक चौकड्या,
लुगड्याची वीण जशीच्या तशी.
ह्याच पदरानं ती माझं तोंड पुसायची.
ह्याच पदरानं त्याचंही.

सरांनी लाल पेन काढला.
ताटली क्र. ७: दूषित. धरू नये.

रात्री माय म्हणाली, उगवलं का गं काही?
मी म्हणाले, तुझा पदर.

ती हसली नाही.
पदर हातात धरून
कोपऱ्यातल्या घागरीकडे बघत राहिली.
नळ आठव्या दिवशी येतो.
आज पाचवा.