न उघडणारी दारं

लूव्हेनला नोव्हेंबरात पाचच्या आधीच अंधारतं.
गोडेलीव्ह काट्यावर ग्लुकोज तोलते :
एका फ्लास्कला वीस ग्रॅम,
दुसऱ्याला एक.
तिचं नाव आपल्या कानांना गोडपासून सुरू होतं,
ती ते घशातून खरवडून काढते.
साखर तिला अकरा वर्षांपासून वर्ज्य.

फ्लास्कमध्ये यीस्ट.
पेशीच्या अंगभर दारं, साखर आत घेणारी,
आणि त्यांत दोन अशी
जी कधी उघडतच नाहीत.
चौकट तशीच, उंबरठा तसाच.
साखर येते, टेकते,
आल्या पावली परत जाते.
आतल्या बाजूला फक्त एक लांब शेपूट हलतं.
तेवढ्यावर घरात कळतं : आली.

एकाला चिमूट पुरते.
दुसरं, ढीग पडल्याशिवाय
हूं की चूं करत नाही.

मग केंद्रात, जनुकांवर
ठाण मांडून बसलेला एक असतो,
त्याचे दोन साथीदार आधी मोडीत निघतात,
आणि त्याची पकड सुटते.
आता खरी दारं घडू लागतात :
टंचाईत चिवट, एक रेणूही न सोडणारी,
सुबत्तेत ढिली, सताड.
आणि सुबत्ता आली की ती चिवट दारं
पेशी आत ओढते, विरघळवून टाकते.
उपकार-बिपकार काही नाही.

गोडेलीव्हचा बाप, ऑडोमार,
पोपरिंगजवळच्या एका भट्टीत होता.
मॉल्टचा कोमट रस जिभेवर घोळवायचा,
बादलीत थुंकायचा,
म्हणायचा, "अजून एक दिवस."
सगळं गाव त्याच्या शब्दावर प्यायचं.
तो घरी येऊन ताक मागायचा.

हे ती सांगते पिपेट धुता धुता,
कशावरून निघालं ते न सांगता.

सातव्या फ्लास्कमधल्या पेशींची
ती दोन्ही दारं आम्ही खोडून टाकलीत.
बाकी सगळं शाबूत. भोवती साखरच साखर.
दोन रात्री झाल्या.
शेजारचे सहा दुधासारखे गढूळले,
हा जवळजवळ नितळ.

गोडेलीव्ह बोटाला सुई टोचते,
एकशे बासष्ट, वहीच्या कोपऱ्यात लिहिते,
आणि सातवा दिव्यासमोर धरते.
पलीकडल्या भिंतीवरची
अग्निशामकाची सूचना
त्यातून अक्षर न् अक्षर वाचता येते.