चौऱ्याहत्तरची पेनल्टी

सामना संपून तास झाला. हरलोच.
'रोप अँड अँकर'मध्ये कथबर्ट पुन्हा
ऑल्डरसनच्या नावानं खडे फोडतो:
मॅनेजर म्हणे! विंगर विकला,
आणि त्या पैशांत स्टँडला छप्पर घातलं.
"त्याच छपराखाली कोरडा बसतोस ना?" इति एनॉक.

मग निघतेच ती पेनल्टी.
पूर्वी चेंडू बारवरून जायचा, वीतभर.
कथबर्टची बायको गेली त्या वर्षी
तो गिरणीच्या धुराड्यावरून गेला.
आज थेट नदीपलीकडे, मेंढ्यांत.

कोपऱ्यातला म्हातारा ग्लास खाली ठेवतो.
डावा पाय अजून जरा फेंगडाच.
"मेंढ्या कसल्या," तो म्हणतो,
"अजून खाली आलेलाच नाही."

कुणीतरी त्याच्या बिअरचे पैसे देऊन टाकतं.
कुणी, ते विचारायचं नसतं.