चौदावा डबा

सिनेमा आगगाडीचा होता, आणि आलाही आगगाडीनंच.
पत्र्याचे गोल चौदा डबे.
एकाच प्रिंटवर दोन गावं जेवायची,
आधी परभणी, मग उष्ट्या ताटावर आमचं पूर्णा.
डबे उतरवून घ्यायचे, सायकलला ट्यूबनं आवळायचे,
टॉकीजच्या मागच्या जिन्यानं खाजामियाच्या हाती द्यायचे,
हे काम माझं. वय तेरा.
पगार : रोज एक सिनेमा, अर्धा.

गोष्ट दोन रात्रींच्या गाडीची.
फर्स्ट क्लासच्या कूपेत मनगटावरचं घड्याळ चालू, बाई बंद.
दाराला आतून कडी.
पाच प्रवासी, पाचही खोटं बोलणारे,
मधेच बोगदा, अंधार, किंकाळी.
आमच्या रुळांना बोगदा ठाऊक नाही,
काळ्या रानातून सरळ जातात, लपायला जागा नाही,
म्हणून पोरं बोगद्यालाच टाळ्या वाजवायची.

पण बाकांवरचं अर्धं गाव रेल्वेचं.
फायरमन गंगय्या ओरडला,
"आत्ता तर कोळशाचं इंजन होतं, डिझेल कवा लागलं?"
पॉइंट्समन मुंजाजी म्हणे,
"सिग्नल लाल हाय अन् गाडी चालली. डायवरच खुनी, लिहून घ्या."
गार्ड इसादकर ड्यूटीवरून तसेच आलेले, पांढऱ्या कपड्यांत,
शिट्टी खिशात.
काही बोलत नव्हते. शेंगा सोलत होते,
टरफलं रुमालात.

तेरावा डबा मशीनवर चढला तेव्हा मी स्टेशनात.
चौदावा परभणीचा खेळ सुटल्यावर निघणार होता.
पॅसेंजर लेट. किती, ते फळ्यावर लिहून पुसलेलं.
बाकावर घोंगडी पांघरलेलं कुणीतरी, पाय दिसेनात.
पाणपोईपाशी एक बाई. मनगटावर घड्याळ.
मी खांबाला पाठ लावली.

गाडी आली. ब्रेकव्हॅनमधून कंदील खाली वाकला.
"डबा?"
"कसला डबा?"
हिरवा हलला. गाडी नांदेडकडं.

परत आलो तर पडदा नुसता पांढरा,
त्यावर एक पाल,
इतका वेळ गाडीच्या टपावरून प्रवास करत असणार.
मालकानं मला पुढं ढकललं, "सांग ह्यांना."
डबा आला नाही, एवढंच सांगायचं होतं.
"मंग खुनी कोन हाय? परभनीला पाह्यला असशील ना तू!"
नाही म्हणता आलं असतं.
पण तीनशे माणसं माझ्या तोंडाकडं
पुन्हा कधी बघणार होती?
मी म्हणालो, "गार्ड."

मला तो कंदीलवाला म्हणायचा होता.

टॉकीज हसलं. इसादकरही हसले, टरफलं सांडली.
दुसऱ्या दिवशी क्वार्टरांतली पोरं, खुनी आला, खुनी आला,
तेव्हाही हसले.
महिन्याभरानं भाजीवाली त्यांना त्याच नावानं ओळखू लागली.
पुढं कुणाची तरी पेटी गेली, धावत्या गाडीतून,
आणि कुणाच्या तरी तोंडून आपसूक निघालं,
गार्डच असंल.
चौकशीत काही सापडलं नाही.
त्यांनी बदली मागून घेतली, मुदखेडला.
सामान चढलं, दोन ट्रंका, एक तुळशीचं डालडाचं डबडं.
मी सायकल धरून लांब उभा.
शिट्टी दुसऱ्या गार्डानं वाजवली.

परवा तो सिनेमा फोनवर सापडला, छत्तीस वर्षांनी.
जालन्याहून येताना वरच्या बर्थवर बघत होतो,
परभणी सोडल्यावर शेवट आला.
चौदाव्या डब्यात गार्ड एकदाच दिसतो,
लांबून, हिरवा दिवा दाखवताना.
तोंडही नीट दिसत नाही.

समोरच्या बर्थवरचा पोरगा मघापासून वाकून बघत होता.
"काका, कोन निघालं?"
पूर्णा आलं होतं. मी खाली उतरून चपला शोधू लागलो.
एकदा सांगितलं होतं मी.