रकाना सातवा

जहरामध्ये, सरकारी कचेरीच्या समोर,
पत्र्याच्या खोपटात माझं टेबल.
कीबोर्डवरची अरबी अक्षरं
नखांनी झिजून अर्धीच उरलेली.
फॉर्म भरायचा अर्धा दिनार,
फोटो चिकटवून हवा तर वर शंभर फिल्स.

एकवीस वर्षं मी लोकांचे देश टाइप करतोय.
नाव, बापाचं नाव, आजाचं नाव,
आणि सातवा रकाना : जिन्सिया.
हिंदी, मिसरी, नेपाळी, बंगाली.
विचारावंही लागत नाही,
चपलांवरून कळतं.

मंत्री येतात तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये
म्हणतात, आपले संबंध फार जुने.
मागच्या रांगेतून मीही टाळ्या वाजवतो, कारण खरं आहे.
माझा पणजा, हर्णैचा सुतार,
इथल्या गलबतांना फळ्या ठोकून गेला.
तेव्हा इथे रुपया चालायचा, आपलाच.
आता एका दिनाराला किती रुपये
ते अम्मी गावाहून फोनवर सांगते,
आणि रुपया पडला की खूश होते.
तिच्याहून जास्त मी होतो.
त्या खुशीची मग दिवसभर लाज वाटते.
देशावर प्रेम आहे हो.
घराचा हप्ताही आहे.

मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढा.
एकदा काढलं. यादीत नाव नव्हतं.
तलाठ्याकडे गेलो तर नवा पोरगा
माझं आडनाव दोनदा वाचून म्हणाला,
हमदुले, म्हणजे मूळचे कुठले?
खिडकीतून आमची विहीर दिसत होती.
म्हटलं, हिला पाणी जिथून येतं ना, तिथले.
तो हसला नाही. अर्ज मात्र घेतला.

सीमेवर काही झालं की
शेजारच्या टेबलावरचा बख्तरवान, स्वातचा,
आणि मी, दोन दिवस चहा वेगवेगळा मागवतो.
दोघांच्या मोबाइलवर दोन्ही देश जिंकलेले असतात.
तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी स्टेपलरच्या पिना संपतात.
तहाची कलमं एवढीच.

मग मार्चमधल्या धुळीत तो आला. नायिफ.
पांढरा झगा कडक इस्त्रीचा,
मुलीच्या दाखल्याचा अर्ज.
नाव सांगितलं, बापाचं, आजाचं,
आजाच्याही आजाचं, थांबेचना.
सातवा? मी विचारलं.
नाही, म्हणाला.
नाही म्हणजे?
ज्या साली नावं लिहून घेतली त्या साली
आजा मेंढ्या घेऊन लांब गेला होता.
बाप पुढे इथल्याच फौजेत होता.
तरी नाही.

असे इथे पुष्कळ. बिदून म्हणतात, म्हणजे विना.
मी आजवर मान वर केली नव्हती, इतकंच.
रिकामा रकाना मशीन घेत नाही.
काय लिहायचं ते त्यानंच सांगितलं :
बेकायदा रहिवासी.
माझं एक अक्षर चुकलं होतं,
ते त्यानं बोट ठेवून सुधारलं.

अर्धा दिनार मी नको म्हटलं.
त्यानं तो कीबोर्डखाली सरकवला.
तू कुठला? विचारलं.
हिंदी, मी म्हटलं, लगेच,
जसा खिशात हात घालून किल्ली आहे बघावं तसा.
गाव समुद्रावर आहे?
आहे.
इंदना बअद, म्हणाला, आणि धुळीत गेला.

समुद्र आमच्याकडेही आहे, असं म्हणाला तो.
की आपल्याकडेही?
अरबीत शब्द एकच.
मराठीत आणायचा तर दोन होतात,
आणि दोहोंतला एक निवडावा लागतो.

बख्तरवान पिना मागतोय.
देतो म्हटलं, थांब जरा.