हलकी बादली

कौतिकाबाई सकाळी पावणेआठला बेल मारते,
हिरवी बादली उचलते
आणि एका हातानेच ओळखते
कोणत्या घरी काल पाहुणे होते,
कोणत्या घरी भांडण,
कोणी आख्खा कुकर तसाच उपडा केलाय.
घणसोलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये
नुसत्या वजनावरून एवढं कळणारं माणूस
दुसरं नाही.

परवा म्हणाली,
"तीनशे चार, बादली हलकी लागते हल्ली.
कुणी गेलं का घरातलं?"

गेलं, पण ते आत्ता नाही.
जूनमध्ये प्रणित गेला, बंगळूरला.
दिवाळीनंतर सासूबाई पाटणला, धाकट्या दिरांकडे,
त्यांना इथला तिसरा मजला झेपेना.
तेव्हा बादली जड झाली होती, कौतिकाबाई.
तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत.

माणसं घरातून जातात
पण हातातून जात नाहीत लगेच.
परातीत पीठ पडायचं ते चौघांचंच.
तांदूळ दोन वाट्या, डोळे झाकून.
यांची रबाळ्याला रात्रपाळी. हे सकाळी येऊन
चहात बुडवून दोन पोळ्या खायचे, झोपायचे.
उरलेल्या सहा
फडक्यात गुंडाळलेल्या, कडेने कडक.
मी बघायचे आणि झाकण लावायचे.
तिसऱ्या दिवशी हिरवी बादली.
टाकताना आधी कागदात बांधायचे,
कुणाला दिसू नये म्हणून,
जशी काही मी चोरी केली होती
माझ्याच घरात.

एकदा कौतिकाबाईपुढे भाताचा डबा धरला.
तिने हात मागे घेतला.
"माझ्या घरीपण उरतंय, ताई.
पोरगं सुरतेला गेलंय ना."
मी डबा धरून उभी. जिन्यात
जरा वेळ काहीच हललं नाही.
मग तीच म्हणाली,
"त्यात जिरं घाला, मिरची वाटून घाला,
हाताने मळा चांगलं,
नि सांडगे घाला उन्हात."

त्यानंतर शिकले म्हणायचं, की आठवलं?
पोळ्या कुस्करून कांद्यावर परतल्या,
वर दाण्याचं कूट, लिंबू;
यांनी पहिल्यांदा चहा बाजूला ठेवला.
तळाशी राहिलेली आमटी कणकेत मुरवली,
थालीपिठाला वेगळं तिखट लागलं नाही.
दुधीची भाजी मात्र
दुसऱ्या दिवशीही दुधीचीच राहते,
तिचं काय करायचं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

माप? माप कमी केलं का?
केलं. दीड वाटी.
त्यातही अर्धी कुणाची आहे ते मला माहीत आहे,
ती राहू दे.

ग्रिलमध्ये जुन्या साडीवर सांडगे वाळले,
बेलापूर रोडची धूळ बसू नये म्हणून
वर मलमलचं फडकं.
चार दिवसांत एवढे हलके झाले
की ओंजळभर उचलले तरी
काही उचललंय असं वाटत नाही.
प्रणितला फोनवर सांगितलं, पाठवते.
तो म्हणाला, "आई, इथे कढई कुठाय?"

एक डबा भरून दारामागे ठेवलाय.
कौतिकाबाई पावणेआठला येईल.
तिला विचारायचंय,
सुरतेत कढई आहे का.